गजाआडचं आरोग्यशिक्षण

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कारागृहातल्या स्त्रियांना लैंगिक आरोग्याचं शिक्षण द्यायला हवं, असं म्हटलं की ऐकणाऱ्यांचे दोन गट पडतात. काहींना हा विषय चारचौघांत काढूच नये असं वाटतं. दुसऱ्यांचा प्रश्न सरळ असतो. ते म्हणतात, 'डॉक्टर, बायकांच्या तुरुंगात पुरुष नसतात. मग हे शिक्षण तिथे कशाला?' प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. गेली काही वर्षं महिला बंद्यांसाठी आरोग्याचे वर्ग घेते. तेव्हा आज याच प्रश्नाला धरून बोलायचं मी ठरवलं आहे.

आधी 'लैंगिक' या शब्दाबद्दल. हा शब्द ऐकला की आपल्याला फक्त शरीरसंबंध आठवतात. प्रत्यक्षात पाळी, अंगावरून पांढरं जाणं, गरोदरपण, गर्भपात, संततिनियमन, गुप्तरोग, एचआयव्ही, अंग बाहेर येणं, पाळी जाण्याचा काळ, गर्भाशयाच्या तोंडाचा आणि स्तनांचा कर्करोग हे सगळं त्यात येतं. आपल्या शरीराला कोणी हात लावायचा आणि कोणी नाही, हे ठरवण्याचा अधिकारही त्यातच येतो. आता या यादीतली किती दुखणी आसपास पुरुष नाही म्हणून थांबतात? एकही नाही.

दुसरी गोष्ट अशी की, बाई तुरुंगात येते तेव्हा तिच्या शरीराचा सगळा इतिहास तिच्याबरोबर येतो. उपदंशाचं उदाहरण घ्या. खेड्यापाड्यांत याला गरमी म्हणतात. या रोगाची पहिली जखम दुखत नाही आणि औषध न घेताही भरून येते. बाईला वाटतं, बरं झालं. रोग मात्र आत राहतो, पुढे वर्षानुवर्षं. एचआयव्हीची लागण झाल्यावर कित्येक वर्षं काहीच जाणवत नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो, त्या एचपीव्हीला लागण झाल्यापासून कर्करोगापर्यंत पोचायला साधारणपणे दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो. म्हणजे विसाव्या वर्षी लग्नाच्या घरात झालेली लागण पस्तिसाव्या वर्षी बराकीत डोकं वर काढू शकते. त्या क्षणी तिच्या आसपास पुरुष आहे की नाही, याने काही फरक पडत नाही.

चार टक्क्यांची गोष्ट

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांत स्त्रिया होत्या २३,७७२. शंभरात चार. एकूण कैद्यांपैकी चारांतले तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे असे. ही माणसं कायमची आत राहणारी नाहीत. आज ना उद्या ती आपल्या गल्लीत, आपल्या गावात परत यायची आहेत. त्यामुळे आत मिळालेलं शिक्षण आतच संपत नाही.

आपल्या राज्यात भायखळ्याचं आणि येरवड्याचं महिला कारागृह सगळ्यांना नावाने ठाऊक असतं. पण पुष्कळ बायका जिल्ह्याच्या किंवा मध्यवर्ती कारागृहाच्या एका कोपऱ्यातल्या महिला विभागात असतात. त्या कारागृहाची आखणी, तिथला दवाखाना, तिथलं औषधांचं कपाट, सगळं पुरुषांच्या हिशेबाने केलेलं असतं. संख्या कमी असली की सोयीचा विचार शेवटी होतो. तुरुंगातल्या लैंगिक आरोग्याची आपल्याकडे पहिली मोठी जाहीर चर्चा झाली ती १९९४ मध्ये, तिहारमध्ये कैद्यांना निरोध द्यावेत की नाहीत यावरून. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. पण ती सगळी चर्चा पुरुष कैद्यांची होती. स्त्री कैद्यांचा स्वतंत्र विचार करणारा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर समितीचा अहवाल त्याआधीच, १९८७ मध्ये, सादर झाला होता. त्याची आठवण फार थोड्यांना होती.

'शेजारणीला विचारायचं होतं'

आता वर्गात काय होतं ते सांगते. सकाळची मोजणी झाल्यावर आणि दुपारी बराकी बंद होण्याआधी जो तास-दीड तास मिळतो, त्यात आम्ही सतरंजी टाकून बसतो. पहिल्या दिवशी तीन नियम सांगते. कोणी कोणाला गुन्हा विचारायचा नाही. स्वतःचं काही सांगायची सक्ती नाही. आणि इथे ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. तिसरा नियम पाळला जाईलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही, हेही मी तिथेच सांगते. बराकीत भिंतींना कान असतात आणि बहुतेकींच्या केसेस चालू असतात. म्हणून सगळ्यांसमोर आपल्या केसशी संबंध येईल असं काही बोलू नका. ते वकिलाशी बोला. ही सूचना आरोग्याची वाटत नाही, पण ती दिली की बायकांचा विश्वास बसतो.

प्रश्नपेटी ठेवण्याची पद्धत तिथे चालत नाही. बऱ्याच जणींना लिहिता येत नाही आणि ज्यांना येतं त्यांचं अक्षर इतरांना ओळखू येतं. त्यावर बायकांनीच मार्ग काढला. प्रत्येक प्रश्न शेजारणीच्या नावाने यायचा. 'बाई, माझ्या गावाकडच्या शेजारणीला खाली खाज सुटायची, तिनं काय करावं?' या शेजारणीला आतापर्यंत जगातले सगळे रोग होऊन गेले आहेत. तिच्याबद्दल विचारताना कोणालाच लाज वाटत नाही.

सगळ्यांत जास्त प्रश्न येतात ते अंगावरून पांढरं जाण्याबद्दल. यामुळे हाडं झिजतात, ताकद निघून जाते, ही समजूत शहरातही आहे. तिथे मी प्रथम सांगते की थोडं पांढरं किंवा पाण्यासारखं जाणं ही शरीराची रीतच आहे. पाळीच्या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत ते वाढतं आणि तारेसारखं ताणलं जातं. दुखणं कधी समजायचं? दह्याच्या चोथ्यासारखं घट्ट आणि खूप खाज असेल तर ती बुरशीची लागण असू शकते. हिरवट-पिवळं, फेसाळ आणि वास मारणारं असेल तर ट्रायकोमोनास नावाच्या जंतूची. राखाडी, पातळ आणि माशासारखा वास येत असेल तर आतल्या जिवाणूंचा तोल बिघडलेला असतो. तिन्हींवर साधी, स्वस्त औषधं आहेत. सरकारी दवाखान्यांत अशा लक्षणांनुसार औषधांचे संच रंगांवरून ठरवून दिलेले आहेत. अशा पांढऱ्या जाण्यावरचा संच हिरव्या रंगाचा असतो, ओटीपोटाच्या सुजेवरचा पिवळा. बाईला रोगाचं नाव माहीत नसलं तरी चालतं, लक्षण सांगता आलं पाहिजे. ते सांगण्यासाठी शब्द देणं हे आमचं निम्मं काम आहे.

मग मी विचारते, खाज आली की तुम्ही काय करता? उत्तर ठरलेलं असतं: साबणाने आतून धुतो, कोणी डेटॉल टाकतं. हे मात्र थांबवायला हवं. योनीमार्गात आपले स्वतःचे राखणदार जिवाणू असतात. दूध विरजून दही करणाऱ्या जिवाणूंच्या जातकुळीतलेच ते. तिथे ते आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात बाहेरचे जंतू टिकत नाहीत. आतून साबण लावला की जंतूंच्या आधी हे राखणदारच मरतात. बाहेरून साधं पाणी पुरे. विरजणाचा दाखला दिला की वयस्क बायकांनाही हे लगेच पटतं.

दुसरा नेहमीचा प्रश्न पाळी थांबण्याचा. आत आल्यावर दोन-तीन महिने पाळी न येणं ही पुष्कळ जणींची तक्रार असते. कोणाला वाटतं करणी झाली, कोणाला वाटतं इथल्या जेवणात काही घालतात. गरोदरपण नाही याची चाचणी आधी करायची, मग रक्तातलं लोह, थायरॉइड, वजन बघायचं. हे सगळं ठीक असेल तर कारण बहुधा मनावरचा ताण असतो. अटक, घर सुटणं, मुलांची काळजी, झोप उडणं. मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश अशा वेळी मंदावतात. हे समजलं की निदान भीती तरी कमी होते.

पाळीच्या दिवसांतल्या स्वच्छतेबद्दल केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत गरजेप्रमाणे सॅनिटरी पॅड द्यावेत असं म्हटलं आहे. गरजेप्रमाणे हा शब्द महत्त्वाचा. सगळ्यांना मोजून सारखेच पॅड दिले, तर जिला जास्त जातं तिची अडचण होते. कापड वापरणारीला मी सांगते की ते उन्हात वाळवा. त्यावर एकदा एक मावशी म्हणाल्या, 'बाई, ऊन येतं ती दोरी मनोऱ्यावरच्या शिपायाच्या डोळ्यांसमोर आहे. तिथं कोण वाळत घालील?' मुद्दा बरोबर होता. पुस्तकी सल्ला तिथली जागा बघून द्यावा लागतो. शेवटी तुरुंगाधिकारी बाईंनी आतल्या अंगणात, आडोशाला, ऊन लागेल अशी एक दोरी बांधून दिली. एका दोरीने प्रश्न सुटला, पण तो विचारायला वर्ग भरावा लागला.

आणखी एक प्रश्न गर्भपिशवीचा. ज्यांची पिशवी काढली आहे अशा तरुण बायका वर्गात भेटतात. काहींना आपलं नेमकं काय काढलं हेच माहीत नसतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्या गेल्याचं उघड झालं, तेव्हा राज्यभर चर्चा झाली होती. अशा बाईला सांगावं लागतं की पाळी बंद झाली तरी गुप्तरोगाची लागण होऊ शकते, आणि अंडाशयंही काढली असतील तर हाडांची काळजी लवकर सुरू करायला हवी.

तपासणी आणि संमती

एचआयव्हीबद्दल बोलायला लागलं की बराकीतली भीती बाहेर येते. हिच्या ताटात जेवू का, हिच्याशेजारी झोपू का, डास चावला तर? ताट, पाणी, अंथरूण, संडास, डास यांतून एचआयव्ही पसरत नाही. शरीरसंबंध, दूषित रक्त, एकमेकांत वापरलेली सुई आणि आईकडून बाळाला, हे त्याचे मार्ग. बराकीत कोणी एकाच सुईने गोंदून घेत असेल तर तो खरा धोका आहे, आणि हे तिथे स्पष्ट सांगावं लागतं. त्याच सुईतून काविळीचे ब आणि क प्रकारही पसरतात.

मग प्रश्न येतो, तपासणी सक्तीची आहे का? नाही. एचआयव्ही आणि एड्सबद्दलचा केंद्राचा कायदा २०१७ मध्ये झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. सरकारच्या ताब्यात असलेल्या माणसालाही प्रतिबंध, समुपदेशन, तपासणी आणि उपचार मिळण्याचा हक्क आहे, असं हा कायदा सांगतो. संयुक्त राष्ट्रांनी स्त्री कैद्यांसाठी डिसेंबर २०१० मध्ये सत्तर नियम मंजूर केले. त्यांना बँकॉक नियम म्हणतात. त्यांत स्त्री कैद्यांना एचआयव्ही आणि गुप्तरोगांपासून बचावाचं शिक्षण द्यावं, असा स्वतंत्र नियमच आहे. आपल्या प्रजननाच्या इतिहासाबद्दल न सांगण्याचा आणि त्यासंबंधीची तपासणी नाकारण्याचा हक्कही त्यांत मान्य केला आहे. शिक्षणाचा आणि नकाराचा हक्क एकत्र का दिला असावा? कारण काय तपासतात, कशासाठी तपासतात हे माहीत असल्याशिवाय 'हो' आणि 'नाही' या दोन्ही शब्दांना अर्थ राहत नाही.

अनुभव असा की, सक्ती नाही म्हटल्यावर उलट जास्त बायका तयार होतात. २०२३ च्या जून-जुलैमध्ये देशभरातल्या कारागृहांत एचआयव्ही, गुप्तरोग, क्षय आणि कावीळ यांच्या एकत्रित तपासणीची मोहीम झाली होती. अशा मोहिमेआधी वर्ग झालेला असेल तर रांगेतला गोंधळ पुष्कळ कमी होतो. लागण निघालीच तर औषधं मोफत आहेत, ती रोज घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही, ही माहिती त्या बाईला आधीच मिळालेली असते.

गुप्ततेची अडचण मात्र खरी आहे. रुग्णालयात बाईबरोबर पोलीस असतात. ते पडद्याच्या आत उभे राहिले तर बाई तोंड उघडत नाही. पहारा दाराबाहेर, ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर ठेवता येतो. यासाठी पैसे लागत नाहीत, सवय बदलावी लागते.

आठवड्यांचं गणित

गरोदरपणाच्या बाबतीत सगळा खेळ वेळेचा आहे. अटकेच्या धावपळीत बाईला पाळी चुकल्याचं भानही नसतं. म्हणून आत आल्यावर लगेच, तिच्या संमतीने, लघवीची चाचणी झाली पाहिजे. गर्भ ठेवायचा असेल तर लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, सोनोग्राफी वेळेवर सुरू होते. ठेवायचा नसेल तर कायदा आठवडे मोजतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. वीस ते चोवीस आठवड्यांत, ठरावीक परिस्थितींतल्या स्त्रियांसाठी, दोन डॉक्टरांचं. रुग्णालयात नेण्यासाठी पोलीस पथक मिळालं नाही म्हणून एक तारीख हुकली, पुन्हा दुसरी हुकली, की आठवडे निघून जातात.

याच कारणासाठी सप्टेंबर २०१६ मधला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल फार मोलाचा आहे. भायखळ्याच्या कारागृहातल्या एका गरोदर बंदी स्त्रीच्या बाबतीत न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय स्त्रीचा आहे, तो तिच्या प्रतिष्ठेने जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि कैदी स्त्रीलाही तो आहे, असं न्यायालयाने सांगितलं. गर्भपाताची इच्छा असलेल्या कैदी स्त्रीला सरकारी रुग्णालयात पाठवण्यात उशीर होऊ नये, हाही त्यामागचा आग्रह होता. त्याआधी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. उपाध्याय खटल्यात सांगितलं होतं की, शक्यतो बाळंतपण कारागृहाबाहेरच्या रुग्णालयात व्हावं, आणि आतच झालं तर जन्मदाखल्यावर कारागृहाचं नाव जन्मस्थळ म्हणून येऊ नये. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. हे हक्क कागदावर आहेत. वर्गात ते साध्या भाषेत सांगितले की बाई वेळेवर बोलते.

इथेच संततिनियमनाचाही विषय येतो. शिक्षा झालेल्या बायका संचित रजेवर किंवा अभिवचन रजेवर घरी जातात. तीन-चार आठवडे घरी राहून परत येतात. 'तिथे पुरुष नसतात' असं म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. रजेवर जाण्याआधी त्यांना निरोध, गोळ्या, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, दहा वर्षं चालणारी तांबी यांची माहिती असायला हवी. प्रसंग घडून गेला तर आपत्कालीन गोळी बहात्तर तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी चांगली, हेही ठाऊक असायला हवं. एका बाईने रजेवर जाण्याच्या आदल्या दिवशी मला विचारलं होतं, 'नवऱ्याला नाही म्हणता येत नाही. तो म्हणतो, इतक्या दिवसांनी आलीस. मग मी काय करू?' नाही म्हणण्याचा अधिकार तिला होता. तो वापरण्याची ताकद त्या घरात तिच्याजवळ नव्हती. अशा वेळी निदान गर्भापासून बचाव करणारी, तिच्या हातात असलेली पद्धत तिला देणं, एवढं तरी आपण करू शकतो.

एका मिनिटाची तपासणी

गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण तो वेळीच सापडला तर टाळता येतो. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना तो होतो. त्याची एक तपासणी अगदी सोपी आहे. गर्भाशयाच्या तोंडावर पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलं आम्ल, कापसाने लावायचं आणि एक मिनिट थांबायचं. तिथल्या पेशी बिघडलेल्या असतील तर पांढरा चट्टा दिसतो. मग पुढची तपासणी. याला व्हीआयए म्हणतात. २०१६ पासून सरकारच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या स्त्रियांसाठी ती आहे. बँकॉक नियमांनुसार बाहेरच्या स्त्रियांना जी तपासणी मिळते ती आतल्या स्त्रियांनाही मिळायला हवी.

ही तपासणी करायला मोठा डॉक्टरच लागतो असं नाही, हे आपल्या मुंबईनेच जगाला दाखवलं. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी दर दोन वर्षांनी वस्तीतल्या स्त्रियांची व्हीआयए तपासणी केली. बारा वर्षांनंतर दिसलं की, तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. मी कारागृहात हे उदाहरण नेहमी देते, कारण तिथेही दहावी झालेल्या बायका असतात. तपासणी त्या करणार नाहीत, पण समजावून सांगणं, नावं घेणं, घाबरलेलीला धीर देणं हे त्या आमच्यापेक्षा चांगलं करतात.

अशीच एक बाई आमच्या वर्गात आहे. वय पन्नाशीच्या पुढे. पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती आणि पुन्हा अंगावर जायला लागलं. आठ महिने तिने कोणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे आधी शिपाईबाईला, मग कंपाउंडरला, मग पुरुष डॉक्टरला. आणि आत सारखं दुखणं सांगणाऱ्याला नाटकी म्हणतात, ही भीती वेगळीच. वर्गात मी म्हटलं होतं की पाळी गेल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी लगेच दाखवायचं, कारण काहीही असो. तास संपल्यावर ती मागे थांबली. म्हणाली, 'शेजारणीचं नाही, माझंच आहे.' तिला व्हीआयएची गरज नव्हती, थेट तुकडा काढून तपासायला पाठवलं. कर्करोग निघाला. गर्भाशयाच्या बाहेर थोडा सरकला होता. आठ महिन्यांपूर्वी आली असती तर कदाचित शस्त्रक्रियेवर भागलं असतं. आता किरणोपचार आणि औषधं दोन्ही घ्यावी लागली. पंचवीस दिवस तिला पोलीस गाडीतून नेलं-आणलं, एकही दिवस चुकू दिला नाही, याचं श्रेय तिथल्या अधीक्षकांना आहे. आता तिची तब्येत बरी आहे. तपासणीचं शिबिर ठरलं की तीस वर्षांवरच्या बायकांची यादी तीच करते. कोणी टाळाटाळ केली तर तिच्याशेजारी जाऊन बसते. काय सांगते ते मी कधी विचारलं नाही, पण यादीतलं नाव सहसा गळत नाही.

न विचारता ऐकायच्या गोष्टी

शेवटचा भाग नाजूक आहे. वर्गातल्या कित्येक जणींनी नवऱ्याकडून, नातेवाइकांकडून किंवा दलालाकडून जबरदस्ती सोसलेली असते. आम्ही ते खोदून विचारत नाही. फक्त एवढं सांगतो की लग्न झालेलं असो वा नसो, मनाविरुद्ध झालेला संबंध ही जबरदस्तीच. त्यात बाईचा दोष नसतो. आणि बोलावंसं वाटलं तर समुपदेशक कोणत्या दिवशी येतात. योनीमार्गाची तपासणी करताना अशी बाई अंग चोरते, रडते, कधी नकार देते. तेव्हा तपासणी थांबवायची. पुन्हा कधीतरी करता येते.

बायकाबायकांमध्ये जवळीक निर्माण होते, हाही प्रश्न शेजारणीच्या नावाने येतोच. मी त्याला इतर प्रश्नांसारखंच उत्तर देते. दोन सज्ञान व्यक्तींच्या राजीखुशीच्या समलिंगी संबंधाला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढलं. कारागृहाची शिस्त हा वेगळा भाग. पण आरोग्याच्या दृष्टीने सांगायचं तर स्त्रियांमध्येही काही लागणी एकमेकींकडे जाऊ शकतात, आणि नागीण, चामखिळी, जखम असेल तर काळजी घ्यायला हवी. तिथेही राजीखुशी हवीच. जुनी किंवा दांडगी कैदी नवीन मुलीवर दबाव आणत असेल तर ती जबरदस्ती आहे आणि तक्रार करता येते.

सुटकेचा हुकूम बहुधा संध्याकाळी येतो. बाई पिशवी उचलते आणि तासाभरात दाराबाहेर असते. तिचे रिपोर्ट, औषधं, पुढची तारीख आत राहून जाते. म्हणून उपचार चालू असलेल्या प्रत्येकीला आम्ही पहिल्या दिवसापासून एक कार्ड देतो. त्यावर औषधाचं नाव, पुढची तारीख आणि तिच्या गावाजवळच्या सरकारी रुग्णालयाचं नाव असतं. कारागृहाचं नाव कुठेही नसतं. एड्सविषयक मोफत हेल्पलाइनचा १०९७ हा क्रमांक त्यावर छापलेला असतो. कार्ड हरवलं तरी तो पाठ असावा म्हणून वर्गात सगळ्यांकडून म्हणून घेतो.

तेव्हा तिथे हे शिक्षण कशाला, या प्रश्नाचं उत्तर मला एवढंच देता येतं की, शिक्षा झाली तर ती गुन्ह्याची होते, त्यात आजाराची भर घालायचा अधिकार कोणत्याच कायद्याने दिलेला नाही. आणि हे शिक्षण फक्त आतल्यांसाठीच आहे असंही समजू नका. मागच्या एका वर्गात तपासणीचं महत्त्व मी तावातावाने सांगत होते. तेव्हा मागच्या ओळीतल्या एका आजींनी विचारलं, 'बाई, तुमची झाली का ही तपासणी?' माझी झाली होती, म्हणून उत्तर देता आलं. हे वाचणाऱ्या तीस वर्षांवरच्या प्रत्येक बहिणीला आजींचा तोच प्रश्न मी विचारते.